तुमच्या गावची मिरची फार लांब जाते

आबा, आधी फिल्मची बातमी सांगते. रडायचं नंतर.

तुमचं तेरावं होऊन चौथा दिवस होता, मंगळवार. जळगावच्या आमच्या कॉलेजात प्रात्यक्षिकं संपली, मुलं पांगली आणि मी तुमचं वाफेचं मशीन पिशवीतून बाहेर काढलं. तेच, जे धुळ्याला तुमच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर दोन वर्षं घुरघुरत होतं आणि ज्याला तुम्ही 'माझा बोका' म्हणायचात. तुमचा संसार सांभाळणाऱ्या अक्कांनीच ते माझ्या हातात दिलं. "हाई लई जा सुनंदा. त्यास्नीच सांगेल शे. माले आते तेनाकडे देखवत नही," एवढं बोलून त्या आत निघून गेल्या आणि मी ती जड पिशवी पोटाशी धरून एसटीत बसले.

आता ऐका. औषधाच्या वाटीत मी जस्ताच्या क्षाराचं पाणी घातलं. मास्क काढून त्याच्या जागी काचेची नळी बसवली आणि तिच्यातून निघणारं धुकं गरम प्लेटवर सोडलं. तबस्सुम, माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, चाळीसगावहून रोज ये-जा करते. तिची गाडी सुटायची वेळ झाली होती, पण ती जागची हलली नाही. वीस मिनिटांनी प्लेट बंद केली, निवू दिली, चिमट्यानं काच उचलली आणि खिडकीपाशी नेली. जांभळी, आबा. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकच जांभळा रंग. एक डाग नाही, एक कडं नाही. मी भर प्रयोगशाळेत टाळ्या वाजवल्या. हात आपोआप फोनकडे गेला, तुमचा नंबर काढला, आणि मग तसाच ठेवून दिला.

हे छापून आलं तर जे वाचतील त्यांच्यासाठी दोन वाक्यं लिहिते, तुम्ही तेवढी सोडून द्या. काचेची पट्टी तापवायची, तिच्यावर क्षाराचं पाणी फवारायचं. पाणी उडून जातं आणि काचेवर एक पापुद्रा वाढत जातो, साबणाच्या फुग्याच्या सालीएवढा पातळ. तो सगळीकडे सारख्या जाडीचा झाला तर एकाच रंगाचा दिसतो, नाही तर काचेवर नकाशे उमटतात. माझ्या काचांवर गेली कित्येक वर्षं नकाशेच उमटत होते.

आपलं भांडण त्या नकाशांवरून होतं. मी म्हणायची, उष्णतेचा घोळ आहे, प्लेट एकसारखी तापत नाही. तुम्ही म्हणायचात, घोळ थेंबाचा आहे. मोठा थेंब काचेवर आदळतो आणि तिथंच कडं सोडून सुकतो. तो पडायच्या जरा आधी हवेतच सुकला पाहिजे, म्हणजे त्यातलं जे उरतं ते काचेवर गुपचूप येऊन बसतं. आणि लगेच तुमची गाडी ढगांवर जायची. तिकडे मिठाचा कण वर जातो आणि त्याच्याभोवती पाणी जमून थेंब होतो, इकडे थेंबातलं पाणी जाऊन कण होतो. वर काय आणि खाली काय, हवेत तरंगणारं बारीक काहीतरी आहे आणि ते कुठे जाऊन बसतं एवढंच बघायचं, असं तुम्ही वर्गात सांगायचात. मागच्या बाकांवरची मुलं हसायची. मीही हसले आहे, आता सांगायला हरकत नाही.

शेवटच्या भेटीत तुम्ही मास्क बाजूला केलात आणि धाप लागत असतानाही म्हणालात, "बघ, केवढे बारीक थेंब. माझं झालं की हा बोका घेऊन जा, प्लेटवर लाव." मी तुमच्यावर खेकसले. असलं अभद्र बोलू नका म्हणाले आणि विषय बदलायला डब्यातला ठेचा काढला. तुम्हाला खायची मनाई होती. तुम्ही नुसता वास घेतलात, मुद्दाम खोटं शिंकलात आणि म्हणालात, "सुनंदे, तुमच्या गावची मिरची फार लांब जाते."

हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकत आले. माझ्या लग्नाच्या पंगतीत ऐकलं. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा झाल्यावर घरी वांग्याचं भरीत केलं होतं, तेव्हा परीक्षकांच्या समोर ऐकलं. नानांच्या म्हणजे माझ्या वडलांच्या ओट्यावर बसून शेवभाजी खाताना दर वर्षी ऐकलं. पिंपळनेरकडच्या आमच्या गावचं तिखट तुम्हाला सोसत नाही, असा मी त्याचा सरळ अर्थ घेतला होता. आबा, मी किती मूर्ख होते हे मला त्याच मंगळवारी कळलं, जांभळी फिल्म निघाल्यावर अर्ध्या तासात.

पण त्याआधी त्या पावसाळ्याबद्दल सांगावं लागेल. तुम्हाला मी ते कधीच सांगितलं नाही.

मी नुकती एम.एस्सी. झाले होते आणि तुम्ही मला तुमच्या ढगांच्या प्रयोगात मदतनीस म्हणून घेतलंत. जागा आमच्या गावाच्या वरची टेकडी. मीठ वाळवायचं, पिठाहून बारीक दळायचं, कपड्यातून चाळायचं, डब्यात भरून मेणानं सील करायचं, कारण पावसाळी हवेत ते लगेच गोळा होतं. योग्य ढग टेकडीवर आला की डबा फोडायचा आणि मोठ्या पंख्याच्या यंत्रानं ती धूळ वर उडवायची. यंत्र धुळ्याच्या गफूरभाईंचं, चालवायचेही तेच. त्यांनी मला ते सुरू करायला, बंद करायला, पट्टा ताणायला शिकवलं होतं. गावाला वाटायचं की पोरगी शिकून आता पाऊस पाडणार आहे. मलाही तसंच वाटत होतं. मी चोवीस वर्षांची होते आणि रोज सकाळी उठल्या उठल्या आधी आभाळ बघायची.

आणि मग तुमची ती कंपासपेटी. शाळेतल्या पोरांची असते तशी पत्र्याची, आत जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कागदाच्या चिठ्ठ्या. निम्म्यांवर 'हो', निम्म्यांवर 'नाही'. ढग आला की आधी वहीत लिहायचं, 'ढग लायक'. मगच पेटी उघडायची. मी डोळे मिटून चिठ्ठी काढायची. 'हो' आली तर मीठ उडवायचं. 'नाही' आली तर तितक्याच चांगल्या ढगाखाली हात बांधून बसायचं आणि पावसाचं मोजमाप तेवढं घ्यायचं. कारण ढग आपण होऊनही बरसतो. मीठ न उडवलेले दिवस शेजारी नसतील तर उडवलेल्या दिवसांना काही अर्थ नाही. हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी समजावलं होतंत आणि मला ते डोक्यानं पटलंही होतं.

तुमचे बाकीचे नियमही पक्के. वहीतलं पान फाडायचं नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. रोज, चिठ्ठी काहीही येवो, दोन काचा ठेवायच्या: एक टेकडीवरच्या काठीला, दुसरी खाली गावच्या शाळेच्या गच्चीवर. काचांवर जिलेटिनचा पातळ थर आणि त्यात चांदीचा क्षार. मिठाचा कण येऊन बसला की त्याच्याभोवती एक गोल कडं उमटायचं. कडी मोजली की कळायचं हवेत किती मीठ आहे. तो थर सारखा पसरायला तुम्हीच शिकवलंत, काच हळूहळू कलती करत. फिल्मचं वेड मला तिथं लागलं. आज मी जे काही आहे ते त्या काचांमुळे आहे.

त्या वर्षी मधे मोठी उघडीप पडली. बाजरी पिवळी पडायला लागली. अशात एके दुपारी आमच्याच शिवारावर ढग आला. तसला ढग मी पुन्हा पाहिलेला नाही. तळ काळा आणि सपाट, वर मात्र फुटत चाललेला. मी वहीत लिहिलं, 'ढग लायक'. पेटी उघडली, डोळे मिटले आणि माझ्याच हातानं 'नाही' काढली.

तुम्ही चिठ्ठी बघितलीत, घडी घातलीत, वहीत लिहिलंत आणि म्हणालात, मी धुळ्याला कॉलेजात जाऊन येतो, 'नाही'च्या दिवशी इथं दोघांचं काम नाही. तुमची जीप वळणाआड गेली. गफूरभाई यंत्राचा नवा पट्टा आणायला पिंपळनेरला गेलेले. टेकडीवर मी एकटी. आणि तेवढ्यात नाना मोटारसायकलवर आले, मागे दोन गोण्या बांधलेल्या. मी घरी रोज तुमच्या चिठ्ठ्यांच्या नावानं बोटं मोडायची ना, त्याचा हा परिणाम. नानांनी दोन दिवस आधीच मीठ दळून तयार ठेवलं होतं.

"ढग आपला वावरवर उभा शे," नाना म्हणाले, "आन तुम्ही चिठ्ठी वाचतस?"

मी चिठ्ठीचं शास्त्र सांगितलं. ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गोणीचं तोंड सोडलं. आबा, मी नानांवर ढकलत नाही. यंत्राचा जुना पट्टा अजून चालत होता आणि तो चढवला मी. हात माझा होता.

पुढं जे झालं ते आठवून मला आजही हसू येतं आणि लाजही वाटते. नानांनी मीठ गावातल्या मिरची-कांडपावर दळून आणलं होतं. कांडप न झाडता, न पुसता. यंत्र सुरू झालं तशी गुलाबी धूळ वर उठली, वारा फिरला आणि निम्मी आमच्याच अंगावर आली. मला ठसका लागला, नाना डोळे चोळत खाली बसले, मी शिंकत शिंकत दुसरी गोणी ओतत राहिले. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. ढग डोक्यावर उभा आणि खाली बापलेक शिंकतायत.

पाऊस पडला. चांगला पडला. पण आमच्या वावरावर नाही, पलीकडच्या दोन गावांवर. नाना बराच वेळ त्या दिशेला बघत उभे राहिले. मग त्यांनी गोण्या झटकल्या आणि मोटारसायकल सुरू केली.

टेकडीवरची काच मी बदलली, हो. मिठानं भरलेली काच मी ओढ्यात टाकली आणि कोरी काच काठीला लावून तासभर ठेवली. शाळेच्या गच्चीवरची मात्र राहिली. ती तुम्ही परत येताना स्वतःच उतरवून आणलीत. इतक्या लांब काय जाणार आहे, असं मी मनाला समजावलं. तुम्ही काच पेटीत ठेवलीत, माझ्याकडे बघितलंत, माझे डोळे लाल का, विचारलंत. मी सांगितलं, धूळ गेली. तुम्ही म्हणालात, धूळ वाईट, पाण्यानं धू.

मोसम संपला. तुमच्या अहवालाचा निष्कर्ष मला तोंडी कळला: मीठ उडवल्यानं पाऊस वाढतो की नाही हे एका वर्षाच्या दिवसांवरून सांगता येत नाही, आणखी वर्षं हवीत. ती मिळाली नाहीत. पुढच्या वर्षाची मंजुरी वरून आलीच नाही. गावात लोक तुम्हाला हसले, कॉलेजात काही जण तुमच्याकडे बघून आभाळात मूठ उडवायचे, मीठ टाकल्यासारखी. तुम्ही त्यांच्याबरोबर हसायचात. मग तुम्ही ढग सोडले आणि माझ्याबरोबर फिल्मच्या मागे लागलात. आणि मी पंचवीस वर्षं मनात एकच गोष्ट घेऊन फिरले, की तुमचा प्रयोग मी बुडवला. तो अहवाल मी कधी उघडलाही नाही. त्याचं कपाट समोर आलं की मी दुसरीकडे बघायची.

तर आता मंगळवार. जांभळी फिल्म मी सूक्ष्मदर्शकाखाली घातली. कण इतके सारखे बसलेले की मला नाचावंसं वाटत होतं. पिशवी आवरताना तळाशी काही कडक लागलं. अक्कांनी मशीनच्या खाली आणखी दोन वस्तू ठेवल्या होत्या. एक ती कंपासपेटी, दुसरी त्या वर्षीच्या काचांची लाकडी पेटी. प्रत्येक काचेच्या कडेला तुमच्या अक्षरात तारीख आणि 'हो' किंवा 'नाही'. उत्साहाच्या भरात मी एकेक काच लावत गेले. 'हो'च्या दिवशी कडीच कडी, 'नाही'च्या दिवशी इकडे एक तिकडे एक. पंचवीस वर्षांत तपकिरी पडलेली, पण मोजता येण्याजोगी. शाबास म्हणावं असं काम.

मग ती काच. शाळेची गच्ची, चिठ्ठी 'नाही'. आणि कडी चाळणीच्या भोकांसारखी दाटीवाटीनं. त्या कड्यांच्या मधे जिलेटिनमध्ये रुतलेले लालसर तुकडे. तुम्ही त्यातल्या एकेकाभोवती काचेच्या मागच्या बाजूनं शाईचं बारीक वर्तुळ काढलं होतं. नऊ वर्तुळं.

मी ती काच घेऊन वनस्पतिशास्त्राच्या मॅडमकडे पळत गेले. त्यांनी डोळा लावला आणि हसायलाच लागल्या. ही तर मिरचीची साल आहे, म्हणाल्या, तुमच्या भौतिकवाल्यांच्या काचेवर मिरची कुठून आली. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि हसू लागले, आणि हसता हसता रडू लागले. त्या बिचाऱ्या घाबरून पाणी आणायला धावल्या. तुमच्या गावची मिरची फार लांब जाते. आबा, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही माझ्या लग्नात, माझ्या परीक्षेत, नानांच्या ओट्यावर, मरणाच्या दारात बसून मला ते सांगत होतात, आणि मी तुम्हाला भाकरीबरोबर दही वाढत होते.

मला राग आला, खरंच. का नाही बोललात? एकदा मला समोर उभी करून झापलं असतंत तर मी सुटले असते. तुम्हाला काय वाटलं, पोरगी आपण होऊन सांगेल? मी सांगणार नव्हते. मी भित्री होते. पण तुम्ही दर वर्षी ते वाक्य बोलायचात आणि क्षणभर थांबायचात, हेही मला आता आठवतं. त्या थांबण्यात मी काही बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून धुळ्याला गेले. विभागातलं तेच कपाट उघडलं आणि अहवाल काढला. टंकलेखन केलेली चाळीस पानं. 'नाही'च्या दिवसांच्या तक्त्याखाली एक तळटीप आहे. ती मी इतक्या वेळा वाचली की पाठ झाली. "यांपैकी एका दिवशी पथकाच्या हातून मीठ उडवले गेले. चिठ्ठी 'नाही' असल्याने तो दिवस याच गटात ठेवला आहे. चुकीची जबाबदारी पथकप्रमुखाची."

अहवालाच्या मागे वरच्या कार्यालयाचं पत्र टाचलेलं होतं. मंजुरी नाकारण्याचं कारण एकच: नियम पाळला गेला नाही, असं खुद्द पथकप्रमुखच लिहून देत आहेत. म्हणजे ती एक ओळ तुम्ही लिहिली नसतीत तर तुम्हाला आणखी वर्षं मिळाली असती. ती काच ओढ्यात टाकायला तुम्हाला काय लागलं असतं? मी तर टाकली होती. आणि ती ओळ लिहिताना माझं नाव लिहिणंही सोपं होतं. माझं नाव नाही. त्याच महिन्यात तुम्ही माझ्या पीएच.डी.साठी शिफारसपत्र लिहिलंत, 'हाताची अत्यंत प्रामाणिक' असं. ते पत्र माझ्याकडे आहे. तो शब्द मी वाचायची आणि मला वाटायचं, आबांना काही माहीत नाही. तुम्ही सगळं माहीत असताना लिहिलं होतंत. याचे आभार कसे मानतात ते मला माहीत नाही, आबा. मानते, एवढंच.

तिथून तशीच गावी गेले. नाना आता थकलेत, ऐकू कमी येतं, पण तिखट खाणं तेवढंच आहे. त्यांना मोठ्यानं ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी ओट्यावरच्या तुमच्या जागेकडे बघितलं. मग म्हणाले, "त्याले माहीत व्हतं, तरी तो मना घर जेवाले ये." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच: "दरसाल ये."

विभागात परत येऊन मी अहवालाला एक पान चिकटवलं आहे. विभागप्रमुखांची रीतसर परवानगी घेतली. त्यांना वाटलं मला दुःखानं भ्रम झालाय. पानावर एवढंच आहे: त्या दिवशी मीठ मी उडवलं, ते मिरची-कांडपावर दळलेलं होतं, टेकडीवरची काच मी बदलली, पथकप्रमुखांना विचारलेलं नव्हतं. खाली माझी सही आणि आजचं पद. तुमची तळटीप तशीच ठेवली आहे. मी फक्त तिच्या शेजारी एक रेघ ओढून माझ्या पानाकडे बाण केला.

आता दुसरं भांडण. तुम्ही मला नेहमी सांगायचात की फिल्मसुद्धा चिठ्ठीनं कर. मी तुम्हाला वेड्यात काढायची. प्लेटला काय कळतंय, चिठ्ठी कुठली निघाली ते? तुमचं उत्तर ठरलेलं असायचं: "प्लेटला नाही कळत. तुझ्या हाताला कळतं." ज्या दिवशी तुला वाटतं आज छान होणार, त्याच दिवशी तू नवीन नळी लावतेस, मग छान झालं ते नळीमुळे की तुझ्या वाटण्यामुळे? हे ऐकून मी चिडायची. तुम्ही माझ्या हाताबद्दल का बोलताय ते मला कळत नव्हतं.

तबस्सुमला शोधनिबंध आठवड्याभरात पाठवायचा होता. जांभळी फिल्म, स्वस्तातलं मशीन, दुसरं काय लागतं. मी नाही म्हटलं. तिचा चेहरा उतरला, कारण तिची मुदत जवळ आली आहे आणि एका सुंदर काचेवर तिचं वर्ष निघालं असतं. मी कंपासपेटी तिच्यासमोर ठेवली, आमच्या गावाच्या वरच्या टेकडीची गोष्ट सांगितली, एकही शब्द न वगळता. ती ऐकून ती म्हणाली, "मॅडम, मग चिठ्ठ्या मी लिहिते." जुन्या प्रश्नपत्रिकांचे कागद आमच्याकडेही ढिगानं आहेत. दहांवर तिनं लिहिलं 'जुनी नळी', म्हणजे आजवर वापरत आलो ती फवाऱ्याची, आणि दहांवर 'आबांचं मशीन'. तुमची परवानगी न घेता तुमचं नाव टाकलं आहे.

आणि आबा, काय मजा येतेय म्हणून सांगू. मी या वयात सकाळी उठून घाईघाईनं कॉलेजात येते. सात चिठ्ठ्या निघाल्या. तुमच्या मशीननं चार काचा केल्या. तीन उत्तम, एक भिकार. आणि परवा जुन्या नळीनं एक इतकी सुरेख काच दिली की मला त्या नळीचा राग आला. तिचं काय कारण, अजून कळलेलं नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, बघ, आता कुठं प्रयोग सुरू झाला. मी दिवसातून दहा वेळा तुम्हाला काहीतरी विचारायला वळते. तुम्ही जिंकलात की मी, हे वीस चिठ्ठ्या झाल्यावर ठरेल. तुम्ही हरलात तरी मी ते लिहीन, हे आत्ताच सांगून ठेवते.

हे लिहिते आहे ते प्रयोगशाळेत बसून. आज सकाळी मला खात्री होती की मशीनची चिठ्ठी निघणार. हवा कोरडी, प्लेट कधी नव्हे ती एकसारखी तापलेली, काचा स्वच्छ. मी बोक्याची वाटी आधीच भरून ठेवली होती, चुकलं माझं. तबस्सुमनं डोळे मिटले, पेटीत हात घातला आणि चिठ्ठी उघडली. जुनी नळी. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. असल्या दिवशी मशीन लावलं तर अशी काच निघेल की बघणाऱ्यानं बघत राहावं, हे दोघींनाही माहीत होतं. माझा हात वाटीवरच होता. तो मी काढला आणि पदराला पुसला.

मग वही ओढली आणि आजची ओळ लिहिली. लिहून झाल्यावर बघते तो मी लिहिलं होतं, 'ढग लायक. चिठ्ठी: नाही.' त्यावर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि पुढे लिहिलं, 'प्लेट तयार. चिठ्ठी: जुनी नळी.'